नवी पेठेतलं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान : आधी बीप ऐकतात, मग मशीन उघडतात

सोलापुरात कुणाचा डेस्कटॉप चालू होईना, स्क्रीन काळी ठिक्कर आणि आतून नुसतं टूं टूं वाजायलंय असं असेल तर मदरबोर्ड बदलायच्या आधी एकदा ह्या दुकानात जाऊन या. पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते खाली सांगते. रिव्ह्यू लांब झालाय पण ह्या लोकांचं काम नीट सांगायचं तर बीपचं थोडं सांगावंच लागतं, नाहीतर "छान सर्व्हिस, रेट योग्य" असं लिहून काही कळत नाही कुणाला.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. आमचं ऑफिस आणि मागांचा हॉल ह्याच्यामधे फक्त एक ॲल्युमिनियमचं पार्टिशन आहे, त्यामुळं सुताची बारीक लव सगळीकडं येते, टेबलावर, कीबोर्डमधे, आणि कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या फॅनवर पांढरा जाड थर. त्यात आपला उन्हाळा, एप्रिल-मेमधे पारा चाळीसच्या वर, आणि लाईटचं येणं-जाणं. अशा ठिकाणी कॉम्प्युटर बिघडणारच, ते मान्य आहे. पण ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचं आणि २० ला ३बी, म्हणजे जीएसटीचे दर महिन्याचे रिटर्न, त्याच्या आदल्या दिवशी टॅलीचं, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं, मशीन उठेना झालं की काय होतं ते अकाउंटवाल्यालाच माहिती.

दुकान नवी पेठेत एका बोळात पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद. मालकाला सगळे अण्णाच म्हणतात, हाताखाली दोन पोरं. फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, वाजतंय का?" वाजतंय म्हटलं की "लांब का छोटं? मधे किती थांबतंय? मोबाईल कॅबिनेटजवळ धरून व्हिडिओ काढा, चालू केल्यापासून अर्धा मिनिट, आणि पाठवा." आणि त्याच्याही आधी अजून एक प्रश्न असतो जो ऐकून मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं होतं, "वाजतोय तो कॉम्प्युटरच हाय ना, का यूपीएस?" पण त्यात तथ्य आहे हो. लाईट गेली की यूपीएस थोड्या थोड्या वेळानं टूं करतो, बॅटरी संपत आली की घाईघाईनं करतो, लोड जास्त झाला की सलग करतो, आणि टेबलाखाली दोन्ही खोकी शेजारी शेजारी असली की आवाज कुठून येतोय ते खरंच कळत नाही. त्यावर अण्णांचा उपाय सोपा आहे, कॉम्प्युटरची वायर यूपीएसमधून काढा, तरी वाजत राहिलं तर कॉम्प्युटर आणायची गरज नाही, यूपीएसची बॅटरी बघा. बरीच गिऱ्हाईकं अशी फोनवरच मोकळी होतात, आणि त्याचे ते काहीच घेत नाहीत.

आता बीप कशाला असते ते. बटन दाबलं की विंडोज सुरू व्हायच्या कितीतरी आधी बोर्डावरच्या चिपमधला बायोस नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो आणि एकेक पार्ट तपासत जातो, त्याला पोस्ट म्हणतात. प्रोसेसर, स्वतः बायोसची कॉपी धड आहे का, टायमर, मग रॅमचा सुरुवातीचा भाग, आणि त्यानंतर डिस्प्ले. डिस्प्ले सुरू झाला की पुढची चूक तो स्क्रीनवर लिहून दाखवू शकतो, कीबोर्ड सापडत नाही, डिस्क सापडत नाही वगैरे. पण डिस्प्लेच्या आधीच काही अडलं तर लिहिणार कशावर? म्हणून स्पीकर. १९८१ ला आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हापासून ही पद्धत चालू आहे, १ छोटी म्हणजे ठीक, १ लांब २ छोट्या म्हणजे डिस्प्लेचं कार्ड. हे आयबीएमचं झालं. पुढं दुसऱ्या कंपन्या बायोस करायला लागल्या, एएमआय, अवॉर्ड, फिनिक्स, आणि प्रत्येकानं आपापले कोड ठरवले. १९९८ साली फिनिक्सनं अवॉर्ड घेतली तरी दोघांचे कोड वेगळेच राहिले. एएमआयचं जुनं कोष्टक नुसतं मोजायचं असतं, ३ बीप म्हणजे रॅमचा पहिला ६४ के भाग, ५ म्हणजे प्रोसेसर, ८ म्हणजे डिस्प्लेची मेमरी, ९ म्हणजे बायोसचा चेकसम, म्हणजे त्याची कॉपी धड आहे का त्याचा हिशोब. फिनिक्सचं गटागटानं असतं, एक-थांब-तीन-थांब-एक-थांब-एक असं, आणि ते मोजताना एक गट चुकला की अर्थच बदलला.

हे कोष्टक तर नेटवर कुणालाही मिळतं, मग दुकानाची गरज काय, असं कुणी म्हणेल. तिथंच आमचा किस्सा येतो.

आमचं टॅलीचं मशीन म्हणजे असुसचा एच८१ बोर्ड, चौथ्या पिढीचा आय३, डीडीआर३ रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या. एक दिवस सकाळी चालू केलं तर एक लांब, दोन छोट्या, थोडं थांबून परत तेच. आमच्याकडं आधी जो माणूस यायचा, त्याचं नाव इथं घेत नाही, तो आला, मोबाईलवर बघितलं, आणि म्हणाला १ लांब २ छोट्या म्हणजे डिस्प्ले गेला, ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल, साडेतीन हजार. आणि कार्ड टाकूनही नाही झालं तर बोर्ड. शेठजी तयार पण झाले होते कारण रिटर्नची तारीख डोक्यावर, पण मला ते पटेना, काल संध्याकाळपर्यंत स्क्रीन चांगली चालली होती. म्हणून व्हिडिओ काढून अण्णांना पाठवला.

त्यांनी विचारलं बोर्ड कुठल्या कंपनीचा. असुस म्हटल्यावर म्हणाले, "ताई, कार्ड-बिर्ड काही घेऊ नका, घेऊन या." नेलं तर त्यांनी आधी त्या बोर्डाचं मॅन्युअल कॉम्प्युटरवर उघडून माझ्याकडं स्क्रीन फिरवली. असुसच्या कोष्टकात १ लांब २ छोट्या म्हणजे रॅम सापडली नाही. १ लांब ३ छोट्या म्हणजे डिस्प्ले सापडला नाही. १ लांब ४ छोट्या म्हणजे हार्डवेअरचा दुसरा कुठलातरी पार्ट. आणि तोच १ लांब २ छोट्याचा आवाज अवॉर्ड बायोसच्या गिगाबाईट कंपनीच्या बोर्डात मॉनिटर किंवा ग्राफिक्स कार्डचा असतो! म्हणजे आधीच्या माणसानं कोष्टक बरोबरच वाचलं होतं, पण दुसऱ्याच बोर्डाचं. वर अण्णांनी अजून एक गोष्ट दाखवली, आमच्या मशीनला ग्राफिक्स कार्ड नव्हतंच, डिस्प्ले प्रोसेसरमधूनच येतो, मग कार्ड खराब झालंय हा विषयच कुठून आला?

पुढचं काम मी समोर बसून बघितलं, आणि मला ह्या दुकानाबद्दल सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते हेच आहे. पोरानं आधी वायर काढली, वायर काढल्यावर पॉवर बटन दाबून धरलं म्हणजे उरलेला करंट निघून जातो, मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाला आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी, अंगात स्टॅटिक साठतं, ते रॅमला बसलं की चांगली पट्टी पण जाते. मग दोन्ही पट्ट्या काढल्या. स्लॉटमधे टॉर्च मारून मला दाखवलं, आत खाली पिनांच्या रांगेवर सुताचे बारीक तंतू आडवे पडलेले, दिसायला काहीच नाही असे. मऊ ब्रशनं ते बाहेर काढले, ब्लोअर लांबून मारला, तोंडानं फुंकर नाही, कारण फुंकरीत ओल असते. पट्टीच्या सोनेरी दातांवर काळपट झाक आली होती, ती आधी पांढऱ्या मऊ खोडरबरनं हलक्या हातानं, आणि मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसली. खोडरबर जोरात घासू नका, सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो तो निघून जातो आणि रबरचा चुरा परत स्लॉटमधे पडतो, हे त्यानं न विचारता सांगितलं. बरेच जण घरी यूट्यूब बघून खरवडतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

पट्ट्या परत लावल्या, चालू केलं, आणि तीच बीप. इथं दुसऱ्या कुणी सरळ दोन्ही पट्ट्या बदलल्या असत्या. अण्णांनी एक पट्टी पहिल्या स्लॉटला, चालू. तीच दुसऱ्या स्लॉटला, चालू, आणि एकच छोटी टूं होऊन स्क्रीन आली. आता दुसरी पट्टी पहिल्या स्लॉटला, वाजली. दुसऱ्या स्लॉटला, वाजली. म्हणजे दोन्ही स्लॉट चांगले, एक पट्टी चांगली, एक गेलेली. चार वेळा चालू-बंद, बस. आणि मग ते जे बोलले ते मी तेव्हाच मोबाईलमधे लिहून ठेवलं: "एसटी मोहोळजवळ बंद पडली एवढं कळलं म्हणून टायर फुटला का डिझेल संपलं ते कळत नाही ताई, जाऊन बघावंच लागतं. बीपचं तसंच हाय." रॅमची बीप म्हणजे रॅमच्या टप्प्यावर काम अडलं एवढंच, त्याचं कारण पट्टी असेल, स्लॉट असेल, मधला कचरा असेल, कधीकधी प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन वाकलेली असते कारण आताच्या प्रोसेसरमधे मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम सांभाळणारा भाग, आतच असतो. म्हणून बीप ऐकून थेट पार्ट विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि बीप न ऐकताच पार्ट विकणाऱ्यावर तर त्याहून नको.

त्यांच्याकडं जुनी तपासलेली डीडीआर३ पट्टी होती ती घातली, आणि तेवढ्यावर सोडलं नाही, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम लावून एक पास पूर्ण होईपर्यंत मशीन ठेवून घेतलं. एरर शून्य आल्यावरच दिलं. पट्टी आणि तपासणी मिळून ८०० रुपये. साडेतीन हजार कुठं आणि ८०० कुठं. आणि मेलेली पट्टी पिशवीत घालून परत दिली, "तुमची हाय, घेऊन जा." जुना पार्ट परत देणारा दुकानदार मला तरी पहिल्यांदाच भेटला.

अजून एक गोष्ट जी मला फार आवडली, पासवर्ड मागितला नाही. आमच्या मशीनमधे सगळ्या पार्ट्यांचा हिशोब, बँकेचं, पगाराचं सगळं. बीपचा फॉल्ट असताना विंडोज सुरूच झालेलं नसतं, मग पासवर्ड लागायचं कारणच काय? पण आधीचा माणूस दरवेळी चिठ्ठीवर लिहून घ्यायचा आणि आम्ही देत होतो, कारण तसंच असतं असं वाटायचं. इथं मेमटेस्ट पण पेनड्राइव्हवरून चालतं, हार्डडिस्कला हातच लागत नाही.

मग त्यानंतर ऑफिसमधलं, घरचं, पाहुण्यांचं, काही झालं की मी तिकडंच पाठवते. सगळे किस्से सांगत बसत नाही पण दोन-तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

एक म्हणजे बॅटरी. डिस्पॅचच्या मशीनवर गिगाबाईटचा जुना बोर्ड आहे, तो सकाळी दोन छोट्या बीप द्यायचा, मग एफ१ दाबलं की चालू व्हायचा. सगळे रोज एफ१ दाबत होते, चालतंय ना मग राहू दे. पण तारीख कित्येक वर्षं मागं जायची, आणि तारीख चुकली की ब्राउझर जीएसटीची साईट उघडताना सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणून अडवतो, आणि आमचा डिस्पॅचवाला नेटवाल्याला फोन करत बसायचा. त्या बोर्डात दोन छोट्या म्हणजे सीमॉसच्या, म्हणजे तारीख आणि बायोसची सेटिंग जिथं साठते तिथल्या, सेटिंगचा घोळ. अण्णांनी बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढून मल्टिमीटर लावला, २.४ व्होल्ट. नवीन सीआर२०३२ लावून दाखवला, ३.२ च्या वर. सेल बदलला, तारीख घातली, झालं. सेलचेच काय ते पैसे. भाचीच्या जुन्या डेल लॅपटॉपला ५ बीप यायच्या, तीपण घड्याळाच्या बॅटरीचीच निघाली, फक्त लॅपटॉपमधे ती वायर लावलेली असते आणि उघडायला जास्त खटाटोप म्हणून मजुरी वेगळी. डेलच्या त्या लॅपटॉपच्या कोष्टकात २ म्हणजे रॅम सापडत नाही, ४ म्हणजे रॅम वाचता-लिहिता येत नाही, ७ म्हणजे प्रोसेसर, हे त्यांना तोंडपाठ आहे पण तरी मॉडेलचं मॅन्युअल उघडून बघितल्याशिवाय बोलत नाहीत. ही सवय मला फार महत्त्वाची वाटते.

दुसरं म्हणजे जे मशीन काहीच वाजत नाही ते. फॅन फिरतोय, लाईट लागलीय, स्क्रीन काळी, आवाज शून्य. माझी समजूत होती की वाजत नाही म्हणजे बोर्ड गेला. तसं नसतं. आधी बघायचं स्पीकर आहे का! आताच्या बऱ्याच बोर्डांवर स्पीकर नसतोच, समोरच्या बटनांच्या वायरी जिथं लागतात तिथंच शेजारी चार पिनांची जागा असते, त्यात छोटा काळा स्पीकर बसवायचा, चार पिनांचा कनेक्टर पण वायरी दोनच. पूर्वी कॅबिनेटसोबत यायचा, आता कुणी देत नाही, असेंबल करणारे लावत पण नाहीत. हे दुकान प्रत्येक नवीन असेंबल मशीनला तो लावून देतं, वेगळे पैसे न घेता, आणि सुटा हवा असेल तर ५० रुपयाला आहे. आमच्या ऑफिसच्या सगळ्या मशीनला मी लावून घेतले. शेठजींना वाटलं होतं ही नवीन कसली फॅशन, पण कार्ड न घेता पैसे वाचले हे त्यांनी बघितलेलं होतं.

स्पीकर असूनही वाजत नसेल तर त्यांची एक युक्ती आहे ती घरी पण करता येते. सगळी रॅम काढायची आणि चालू करायचं. बहुतेक बोर्ड रॅम नाही म्हणून ओरडतात. ओरडला तर चांगली बातमी, कारण बीप वाजवणारा प्रोग्राम प्रोसेसरच चालवत असतो, म्हणजे प्रोसेसर, बायोस आणि बोर्डाचा बराच भाग जिवंत आहे, दुखणं रॅमच्या बाजूला. रॅम काढूनही गप्प, तर मग पॉवर सप्लाय, प्रोसेसर, बायोस किंवा बोर्ड, आणि तिथून पुढं घरी हात घालू नका. अण्णा तिथं आधी चांगला पॉवर सप्लाय लावून बघतात, सोलापुरात व्होल्टेजमुळं तेच जास्त जातात असं त्यांचं म्हणणं. जुन्या बोर्डांसाठी त्यांच्याकडं पीसीआय स्लॉटमधे बसणारं डीबग कार्ड आहे, दोन आकडी कोड दिसतो, त्यावर पोस्ट कुठल्या पायरीवर थांबली ते कळतं, पण नवीन बोर्डांना तो स्लॉटच नसतो. नवीन चांगल्या बोर्डांवर उलट चार छोट्या लाईट असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले), बूट असं लिहिलेलं, जी पेटून राहिली तिथं अडकलं. स्पीकरपेक्षा हे सोपं आहे खरं, पण स्वस्तातल्या बोर्डावर मिळत नाही, आणि सोलापुरात ऑफिसांमधे, सायबरमधे, शाळांमधे जी मशीन आहेत ती बहुतेक स्वस्तातलीच आणि जुनी.

ब्रँडेड मशीनचं पण त्यांना माहीत आहे. एचपीच्या अलीकडच्या ऑफिसच्या मशीनमधे लांब आणि छोट्या बीप वेगळ्या मोजायच्या, लांबच्या वेळी लाल लाईट आणि छोटीच्या वेळी पांढरी, ३ लांब २ छोट्या म्हणजे रॅम सुरू होताना अडकलं. लेनोवोच्या नवीन थिंकपॅड लॅपटॉपमधे तर टूं टूं नाही, एक सूर वाजतो, तो लेनोवोच्या मोबाईल ॲपला ऐकवायचा म्हणजे ॲप कोड सांगतं. माझ्या मैत्रिणीच्या मिस्टरांचा थिंकपॅड असा वाजायला लागला तर त्यांना वाटलं व्हायरस आला.

उन्हाळ्यासाठी एक. मशीन चालू असताना, काम करता करता मधेच बारीक उंच आवाजात टीं टीं सुरू झालं तर ते सुरुवातीच्या बीपपैकी नव्हे, बऱ्याच अवॉर्ड बोर्डांत तो प्रोसेसर तापल्याचा इशारा असतो. आमच्या मागांच्या हॉलजवळच्या मशीनला मे महिन्यात झालं. लगेच बंद करा, फॅन फिरतोय का बघा. आमच्यात लवीनं हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या जाळीच्या, फटी पूर्ण बुजल्या होत्या, हवा जायला जागाच नव्हती. साफ करून नवीन थर्मल पेस्ट लावली, आवाज गेला. अण्णांनी तेव्हाच सांगितलं की तुमच्यासारख्या जागी दिवाळीत आणि मार्चमधे असं वर्षातून दोनदा साफ करून घ्याच, आम्ही आता घेतो, आणि तेव्हापासून रॅमची बीप पण क्वचित ऐकू येते.

आता अर्धा स्टार कशाचा. एक तर वेळ. गर्दी असली की "संध्याकाळी या" म्हणतात आणि ती संध्याकाळ कधीकधी दुसऱ्या दिवशीची असते. मार्चएंडला तर आधी नंबर लावावा लागतो. दुसरं, लॅपटॉपच्या बोर्डाचं चिप बदलायचं काम इथं होत नाही, बाहेर पाठवतात, आणि ते कधी येईल ते त्यांना पण नक्की सांगता येत नाही, निदान ते सरळ तसं सांगतात तरी. तिसरं, जीएसटीचं बिल मागितलं तरच मिळतं, कारखान्याला क्रेडिट घ्यायचं असतं, मला दरवेळी आठवण करावी लागते, हे त्यांनी सुधारावं अशी मनापासून विनंती. रेट बोर्डावर लिहून लावले तर अजून बरं होईल, तपासणीचे २०० घेतात आणि काम केलं तर ते बिलातून वजा करतात, हे नवीन माणसाला कळायला मार्ग नाही.

जाणार असाल तर काही गोष्टी. पूर्ण सेटअप उचलून नेऊ नका, मॉनिटर-कीबोर्ड त्यांच्याकडं आहेत, फक्त कॅबिनेट. व्हिडिओ आधी पाठवा, नुसता आवाज रेकॉर्ड करण्यापेक्षा व्हिडिओ, म्हणजे समोरच्या लाईट पण दिसतात. मशीन चांगलं चालू आहे तेव्हाच विंडोजमधे एमएसइन्फो३२, म्हणजे मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्राम, उघडून बोर्डाचं आणि बायोसचं नाव-नंबर लिहून कॅबिनेटवर चिकटवून ठेवा, बंद पडल्यावर ते बघता येत नाही आणि कुठलं कोष्टक लावायचं हे त्यावरच ठरतं. बॅकअप त्यांच्या भरवशावर ठेवू नका, तो आपला आपण. गाडी बोळात लागत नाही, पार्क चौकाकडं लावून चालत या, आणि जानेवारीत गड्डा यात्रा असताना तर तिकडं पण जागा मिळत नाही, तेव्हा रिक्षानंच जा. सकाळी अकराच्या आधी दुकान उघडत नाही. लॅपटॉप नेणार असाल तर चार्जर सोबत घ्या, त्यांच्याकडं सगळ्या पिनचे नसतात.